‘सर, अर्जंट आहे’: प्रोग्रामिंग मदत गटातल्या एका रात्रीचं प्रकरण

या प्रकरणातल्या कुणाचंही नाव इथे दिलेलं नाही. गावं, कॉलेजं आणि ओळख पटेल असे तपशील गाळलेत किंवा बदललेत. संवाद आठवणीतून लिहिले आहेत, तेव्हा शब्द थोडे इकडचे तिकडे झाले असतील. त्या वेळी गटाची व्यवस्था मी पाहत होते, त्यामुळे हे लिखाण तटस्थ नाही. जिथे चूक माझी होती तिथे ती माझ्याच नावावर टाकली आहे.

पार्श्वभूमी

टेलिग्रामवरचा एक गट. प्रोग्रामिंगचे प्रश्न मराठीतून विचारायचे आणि मराठीतून उत्तरं द्यायची, एवढाच त्याचा हेतू. पुण्यात आयटीत काम करणाऱ्या आम्ही पाच-सहा जणांनी तो सुरू केला. आमच्यातले बहुतेक तालुक्याच्या गावातून आलेले. पॉइंटर म्हणजे नक्की काय, हे पहिल्या नोकरीत शेजारच्याला विचारायची लाज वाटून रात्री एकट्याने गुगल करत बसलेले. ती लाज पुढच्यांना वाटू नये, असं काहीसं आमच्या डोक्यात होतं.

गटात येणारी मुलं बीसीएस, बीसीए आणि डिप्लोमाची. सी, जावा, पायथन, थोडं पीएचपी. उत्तर देणारा कुणीही असो, मुलांच्या लेखी तो ‘सर’. मलाही कित्येक महिने ‘सर’च म्हणत होते. प्रोफाइलला फोटो लावल्यावर एकदम ‘मॅडम’ झाले आणि प्रश्नांच्या शेवटी हात जोडलेल्या इमोजींची संख्या वाढली. का, ते मला आजही कळलेलं नाही.

गटाला हंगाम होता. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिल, म्हणजे जर्नल, प्रॅक्टिकल आणि प्रोजेक्टचे दिवस आले की प्रश्नांचा पूर यायचा. यात नवं काही नाही. इंटरनेट मुख्यतः विद्यापीठांपुरतं होतं तेव्हा यूजनेट नावाच्या चर्चागटांवरच्या जुन्या मंडळींना दर सप्टेंबरात हाच ताप व्हायचा. अमेरिकेत शैक्षणिक वर्ष तेव्हा सुरू होतं, नव्या मुलांना जोडणी मिळायची, मग महिनाभर त्यांना रीतभात शिकवावी लागायची. १९९३-९४च्या सुमाराला अमेरिका ऑनलाइनसारख्या कंपन्यांनी आपल्या सगळ्या ग्राहकांना ते दार उघडून दिलं आणि लोक म्हणू लागले की हा सप्टेंबर आता संपायचा नाही. आमचा निदान दोन हंगामांपुरता तरी मर्यादित होता.

उत्तरं देणारे सात-आठ जण होते, पण खरा भार तिघांवर. त्यातले एक, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, ते वयाने चाळिशीच्या पुढचे. बँकांसाठीची सॉफ्टवेअर लिहिण्यात आयुष्य गेलेलं. रात्रीचं जेवण झालं की दहाला ते गटावर यायचे आणि साडेअकरापर्यंत असायचे, वर्षानुवर्षं, एकही पैसा न घेता. त्यांच्या उत्तरात दुरुस्ती एका ओळीची असायची आणि कारण दहा ओळींचं. शून्य पूर्णांक एक आणि शून्य पूर्णांक दोन यांची बेरीज पायथन बरोबर शून्य पूर्णांक तीन का दाखवत नाही, असं एका मुलाने विचारलं होतं. दादांनी त्याला एक छेद तीन दशांशात लिहायला सांगितलं. ‘लिही, मी थांबलोय.’ तीनावर तीन टाकत तो मुलगा थकला. मग दादा म्हणाले, ‘दहाच्या पद्धतीत तुझी जी पंचाईत एक तृतीयांशाने केली, तीच दोनच्या पद्धतीत संगणकाची एक दशांशाने होते.’ हे उत्तर मुलांनी जपून ठेवलं होतं.

गटाच्या माथ्यावर एक मेसेज पिन केलेला होता. आधी शोधा, मग विचारा. कोड मजकूर म्हणून चिकटवा, फोटो नको. चूक दिसेल एवढाच छोटा कोड द्या. स्वतः काय करून पाहिलं ते लिहा. हे सगळं इंग्रजीत होतं, कारण ते आम्ही जिथून शिकलो तिथून जसंच्या तसं उचललं होतं. मराठी गटाचा नियम इंग्रजीत आहे, हे आमच्यापैकी कुणालाही कधी खटकलं नाही.

त्या रात्री काय घडलं

करोनानंतर कॉलेजच्या लॅब पुन्हा उघडल्या होत्या, त्या सुमाराची गोष्ट. रात्री साडेदहाला एका मुलीचा मेसेज आला. सोबत स्क्रीनचा मोबाइलने काढलेला फोटो, तिरका, अर्ध्या भागावर ट्यूबलाइटची चमक. खाली लिहिलेलं: ‘सर प्लीज लवकर सांगा, अर्जंट आहे, उद्या सबमिशन आहे.’ फोटोत लाल अक्षरांत पायथनची एरर होती, पांडाज नावाचं मॉड्यूल (पायथनला वरून जोडायचा तयार कोड) सापडत नसल्याची.

दादांनी दोन मिनिटांत उत्तर दिलं. ‘हा प्रश्न या आठवड्यात चौथ्यांदा आलाय. पिन केलेला मेसेज वाचलात का? स्क्रीनचे फोटो टाकू नयेत असं त्यात आहे. पिप इन्स्टॉल पांडाज करा. नाही झालं तर स्वतः काय प्रयत्न केलेत ते लिहा.’

यात एकही शब्द आक्षेपार्ह नाही. मी आजही तो मेसेज काढून वाचते तेव्हा मला तसंच वाटतं. पण त्याच्याखाली आमच्या दुसऱ्या एका सहकाऱ्याने कपाळाला हात लावलेल्या माणसाचं स्टिकर टाकलं आणि तिसऱ्याने दादांच्या मेसेजला अंगठा दाखवला. एकाने सुनावलं आणि दोघांनी मान डोलावली, की समोरच्याला बाकावर उभं केल्यासारखं होतं.

‘सॉरी सर’ एवढं तिने लिहिलं. मग तिचा फोटो नाहीसा झाला, आणि पाठोपाठ ती गटातून बाहेर पडल्याची करडी ओळ उमटली.

तिच्या वर्गातल्या एका मुलाने या सगळ्याचा स्क्रीनशॉट काढून कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला होता. अकराच्या सुमाराला तिथली मुलं आमच्या गटात उतरली. ‘एवढा अ‍ॅटिट्यूड कशाला?’ ‘फुकट शिकवता म्हणजे उपकार करता का?’ दादांनी एकदाच लिहिलं: ‘उपकार नाहीत. पण मी कुणाचा नोकरही नाही.’ स्टिकरवाला सहकारी मात्र एकेकाला उत्तर देत बसला आणि आग वाढत गेली.

पावणेबाराला मी दोन गोष्टी केल्या. गटात व्यवस्थापकांशिवाय कुणालाच लिहिता येणार नाही अशी सोय करून टाकली. आणि व्यवस्थापक म्हणून स्वतः एक मेसेज लिहिला: ‘गटाच्या वतीने मी त्या विद्यार्थिनीची माफी मागते. नव्या मुलांशी असं बोलणं आपल्या गटात चालणार नाही.’

सकाळी उठून पाहिलं तर दादांनी स्वतःचं व्यवस्थापकपद काढून टाकलं होतं. गटात होते, पण इतरांसारखे.

अडचण नेमकी कुठे होती

दुसऱ्या दिवशी मी दोन फोन केले. पहिला दादांना.

‘मी माणसाला बोललो नव्हतो, मी फोटोला बोललो होतो,’ ते म्हणाले. मग बराच वेळ शांत. ‘तू मला आधी फोन केला असतास तर मीच तिची माफी मागितली असती. तू सगळ्यांसमोर मला गुन्हेगार ठरवलंस आणि मला बोलायलाही जागा ठेवली नाहीस.’

माझ्याकडे यावर उत्तर नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे ही गोष्ट मी दुसऱ्यांच्या बाबतीत घडताना पाहिली होती. एप्रिल २०१८ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोच्या, म्हणजे प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या जगभरच्या संकेतस्थळाच्या कंपनीने जाहीरपणे लिहिलं होतं की आपली जागा बऱ्याच लोकांना, विशेषतः नवख्यांना, तुसडी वाटते आणि हे बदललं पाहिजे. बोलणं खरं होतं. पण जी माणसं वर्षानुवर्षं फुकट उत्तरं लिहीत होती, कचरा उपसत होती, त्यातल्या अनेकांना ते स्वतःवरचं आरोपपत्र वाटलं. ऑगस्टमध्ये नवी आचारसंहिता आली तेव्हाही वाद पेटलेलाच होता. तेव्हा मी चहा पीत म्हटलं होतं, आधी यांच्याशी बोलायला काय झालं होतं कंपनीला? तीन वर्षांनी माझ्या हातात एक लहानसा गट होता आणि मी तेच केलं.

दुसरा फोन त्या मुलीला. तिचा नंबर स्क्रीनशॉट काढणाऱ्या मुलाकडून, तिला विचारून, मिळवला. ती आधी फार अवघडली होती. ‘मॅडम, तो पिन केलेला मेसेज मी वाचला होता. इंग्रजीत होता, कळला तेवढा वाचला.’ मग मी विचारलं, कोड चिकटवला का नाहीस? ‘मॅडम, माझ्याकडे लॅपटॉप नाही. कोड लॅबमधल्या पीसीवर आहे. लॅब पाचला बंद होते. निघताना फोटो काढून आणला होता.’

म्हणजे ज्या मशीनवर अडचण होती ते मशीन तिच्यापासून सात-आठ किलोमीटरवर, कुलपाआड होतं. आम्ही तिला विचारत होतो की तू काय करून पाहिलंस. ती सकाळपर्यंत काहीही करून पाहूच शकत नव्हती.

आणि पुढचं तर आम्हाला खाली मान घालायला लावणारं आहे. मी खोदून विचारलं तेव्हा कळलं की मागच्या प्रॅक्टिकलला हाच प्रोग्राम तिने स्पायडरमध्ये चालवला होता आणि तो चालला होता. (स्पायडर आणि आयडल ही पायथन लिहून चालवायची दोन वेगळी साधनं.) या वेळी दुसऱ्या पीसीवर बसली आणि फाइल आयडलमध्ये उघडली. प्रोग्रामिंग करणाऱ्याला एवढ्यावरून उलगडा होईल. त्या मशीनवर दोन पायथन होते: एक अ‍ॅनाकोंडा नावाच्या तयार संचासोबत आलेला, ज्यात स्पायडरही येतं आणि ज्यात पांडाज आधीपासून असतं, आणि एक वेगळा बसवलेला कोरा, ज्याच्यासोबत आयडल येतं. तिची फाइल कोऱ्या पायथनच्या तावडीत सापडली होती. दादांनी सांगितलेलं पिप इन्स्टॉल नेटवरून मॉड्यूल उतरवून घेतं. ते तिथे चाललंच नसतं, कारण लॅबच्या पीसींना इंटरनेट नव्हतं. खरं उत्तर होतं, ‘आयडल बंद कर, स्पायडर उघड.’ पाच शब्द.

तेव्हा ‘आठवड्यात चौथ्यांदा आलेला’ तो प्रश्न चौथ्यांदा आलेला नव्हता. एररची ओळ तीच होती, दुखणं दुसरं होतं. हे मी दादांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा मोकळे झाले. ‘दोन पायथन? आणि मी पाहिलंच नाही?’ त्यांना बोलणं लागलं नव्हतं तेवढं हे निदान चुकल्याचं लागलं.

इथे आणखी एक गोष्ट मला उशिरा उमगली. ‘काय प्रयत्न केलास?’ हा प्रश्न इंग्रजी प्रोग्रामर एकमेकांना सर्रास विचारतात. तिथेही तो काहींना टोचतो, पण निदान तो कामाचा प्रश्न म्हणून रुळलेला आहे. मराठीत हे वाक्य कोण म्हणतं? हातात डस्टर घेतलेले सर, नाहीतर गुणपत्रिका बघणारे बाबा. त्याला उत्तर नसतंच, मान खाली घालायची असते. ‘वाचलंत का?’ याचंही तेच. समोर बसून हसत विचारलं तर ती चौकशी होते, पडद्यावर छापून आलं की उलटतपासणी. दादांनी ‘तुम्ही’ म्हटलं होतं, आदराने लिहिलं होतं. पण मराठीत मोठा माणूस लहानाला अचानक ‘अहो-जाहो’ करू लागला की लहानाला कळतं, हे रागावलेत.

समोरचे पर्याय

त्या आठवड्यात आम्ही उत्तरं देणारे फोनवर एकत्र बसलो. दादा आले, पण कमी बोलले.

स्टिकरवाल्या सहकाऱ्याचं म्हणणं, बॉट बसवा. ठरावीक नमुन्यात नसलेला प्रश्न आपोआप उडवा, फोटो आला की उडवा. हा पर्याय आम्हाला एरवी पटला असता. पण त्या मुलीशी बोलणं झाल्यावर दिसत होतं की असा बॉट नेमका तिलाच उडवेल आणि ज्याच्या घरी लॅपटॉप आहे त्याला आत घेईल.

माझं म्हणणं, सभ्यतेचा नियम करा. काय बोलायचं नाही त्याची यादी. दादांनी एकाच वाक्यात तो निकालात काढला: ‘त्या रात्रीच्या माझ्या मेसेजमधला कुठला शब्द तुझ्या यादीत बसतो?’ एकही बसत नव्हता.

कुणीतरी नवख्यांसाठी वेगळा गट काढायचं सुचवलं. नव्यांची वेगळी पंगत. पण त्या पंगतीत वाढायला कोण जाणार, यावर सगळे गप्प. उत्तर देणारे जातात ते जिथे डोकं चालवायला मिळतं तिथे.

शेवटचा पर्याय, गट बंद करून मुलांना सरळ स्टॅक ओव्हरफ्लोवर पाठवायचं. यावर सर्वांत जास्त बोलणं झालं आणि त्यातूनच मला वाटतं गाडं रुळावर आलं. जेफ अ‍ॅटवूड आणि जोएल स्पोल्स्की यांनी २००८ मध्ये ती जागा उभी केली ती ग्रंथालयासारखी. प्रश्न एकाने विचारायचा, पण उत्तर लिहायचं ते पुढे शोधत येणाऱ्या हजारोंसाठी. म्हणून तिथे तोच प्रश्न पुन्हा आला की ‘आधीच विचारलेला’ म्हणून बंद करतात, म्हणून प्रश्न नेटका लागतो. ग्रंथालयात हे बरोबरच आहे. आमच्या गटात मात्र मुलं ग्रंथालय शोधत येत नव्हती. उद्या सकाळी लॅबमध्ये काय करू, एवढं सांगणारा शेजारच्या बाकावरचा मित्र त्यांना हवा होता. आम्ही ग्रंथालयाचे नियम लावून मित्राची पाटी टांगली होती.

दादा तेव्हा म्हणाले, ‘मला मुलांचा त्रास होत नाही गं. तेच तेच येतं त्याचा होतो. दिवसभर कामावर तेच करतो. रात्री इथे येतो ते जरा वेगळं काही मिळेल म्हणून.’ इतकी वर्षं एकत्र काम करताना हे मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं.

काय केलं

पिन केलेला मेसेज उतरवला. नवा मराठीत, सहा ओळींचा. ‘फोटो चालेल. फक्त एररची शेवटची ओळ त्यात आली पाहिजे. जावा असेल तर पहिली.’ यामागे कारण होतं. चूक कुठून आली याचा माग पायथन छापतो तेव्हा प्रोग्रामची सुरुवात वर आणि खरी तक्रार सर्वांत खाली असते. जावात तक्रार वर येते. नवखं मूल दोन्हीकडे वरून वाचायला लागतं, तीन ओळींत घाबरतं आणि हाती येईल तेवढ्याचा फोटो काढतं. त्याला ‘एरर नीट वाच’ सांगण्यापेक्षा कुठली ओळ वाचायची ते सांगितलेलं बरं.

पुढच्या दोन ओळी त्या मुलीच्या फोनमधून आल्या: ‘मशीन आत्ता तुमच्यासमोर आहे की लॅबमध्ये? तिथे इंटरनेट आहे का?’ आणि शेवटी, ‘कधीपर्यंत हवंय?’

दुसरं म्हणजे दोन फळ्या केल्या. प्रश्न आल्यावर पहिली वीस मिनिटं फक्त पहिल्या फळीने बोलायचं. त्यात शेवटच्या वर्षाची मुलं आणि नुकतेच नोकरीला लागलेले. जुन्यांनी तोवर गप्प बसायचं, अगदी उत्तर जिभेवर आलं तरी. वीस मिनिटांत सुटला नाही तर प्रश्न दुसऱ्या फळीकडे. हे जुन्यांना किती जड गेलं ते मी पाहिलंय. ‘टायपिंग…’ असं दिसायचं, मग नाहीसं व्हायचं, मग पुन्हा दिसायचं. (स्टॅक ओव्हरफ्लोने २०२४ मध्ये नवख्यांचे प्रश्न उघड्यावर येण्याआधी अनुभवी लोकांच्या मदतीने नीट करून घेण्यासाठी एक वेगळी पायरी सुरू केली. आमची पद्धत त्यापुढे अगदी गावठी होती, पण दिशा तीच.)

तिसरं काम वाक्यांचं. आम्ही बसून नेहमीची वाक्यं बदलली. ‘काय प्रयत्न केलास?’ऐवजी ‘हे आधी कधी चाललं होतं का? तेव्हा आणि आता काय बदललं?’ या एका प्रश्नाने तिचे दोन पायथन पाच मिनिटांत सापडले असते. ‘गुगल कर’ऐवजी गुगलवर नेमके कुठले शब्द टाकायचे ते. दादा आधी कुरकुरले, ‘मग आता लोणी लावत बसू का?’ पण ‘काय बदललं’ हा प्रश्न त्यांना फार आवडला. तो खरंतर त्यांचाच, कामावर रोज विचारायचा प्रश्न होता.

मध्येच झालेला अपघात

पहिली फळी सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाले होते. एका मुलाच्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) होतं आणि पायथनची आवृत्ती जुनी पडत होती. पहिल्या फळीतल्याने बेधडक सांगितलं, जुना पायथन काढून टाक, नवा टाक. उबुंटूच्या पोटातली कितीतरी कामं त्याच पायथनवर चालतात. तो काढला की त्याच्यासोबत बाकीचंही निघतं. मुलाने प्रश्नाला ‘वाय’ दाबलं, पडद्यावर ओळी सरकत राहिल्या आणि पुन्हा सुरू केल्यावर समोर काळा पडदा आणि नाव विचारणारी एक पांढरी ओळ. डेस्कटॉप गायब.

हा सल्ला देणारा कोण, तर तोच, स्क्रीनशॉट काढून कॉलेजच्या ग्रुपवर टाकणारा. त्याला पहिल्या फळीत मीच घेतलं होतं. आता स्टिकर येणार असं मला वाटलं आणि मी गट बंद करायच्या बटणावर बोट ठेवून बसले.

पावणेअकराला दादा आले. कित्येक आठवड्यांनी. ‘फोन यूएसबीने लॅपटॉपला जोड. नेट मोबाइलचं घेऊ.’ तिथून साडेबारापर्यंत एकेक कमांड, एकेक फोटो. तिरके, चमक पडलेले फोटोच, कारण त्या मशीनवरून दुसरं काही पाठवणं शक्यच नव्हतं. डेस्कटॉप परत बसला. शेवटी दादांनी सल्ला देणाऱ्याला उद्देशून लिहिलं: ‘मी नोकरीच्या दुसऱ्या वर्षी हे चालू सर्व्हरवर केलंय. तू लॅपटॉपवर केलंस, स्वस्तात सुटलास.’

दुसऱ्या दिवशी सहाऐवजी सात ओळींचा मेसेज झाला. काही काढून टाकायचा, पुसायचा किंवा सुडो (मशीनवरचे पूर्ण अधिकार देणारी कमांड) वापरायचा सल्ला असेल तर तो दुसऱ्या फळीला विचारल्याशिवाय द्यायचा नाही. पहिल्या दिवशीच दादांनी हीच भीती बोलून दाखवली होती, चुकीची उत्तरं जातील म्हणून. नव्यांना पुढे करण्याच्या उत्साहात मी ती जुन्यांचा हेका म्हणून बाजूला सारली होती.

परिणाम

‘सॉरी सर’ म्हणून निघून जाणं कमी झालं, हे डोळ्यांना दिसत होतं. किती कमी झालं हे सांगता येत नाही, कारण आम्ही मोजदाद ठेवली नाही. ठेवायला हवी होती.

दादा परतले, पण पहिल्यासारखे नाहीत. रोजचे दीड तास संपले. आता रविवारी सकाळी येतात, आठवड्यातला एखादा अवघड प्रश्न उचलतात आणि त्यावर सावकाश लिहितात. गटाला त्याने फायदा झाला की तोटा, यावर आमच्यात दोन मतं आहेत. रात्री अकराला अडकलेल्या मुलाला विचाराल तर तोटा.

स्टिकरवाला सहकारी कायमचा गेला. एके दिवशी ‘सगळ्यांना शुभेच्छा’ लिहून बाहेर पडला. मी त्याला फोन केला नाही. तो चुकला होता, हे माझ्या मनात इतकं पक्कं होतं की त्याने त्याआधी चार वर्षं जावाचे जवळजवळ सगळे प्रश्न एकट्याने ओढले होते, हे मी विसरले. त्यानंतर जावाला आमच्याकडे आजतागायत धड माणूस नाही.

त्या मुलीचं सबमिशन झालं. स्पायडर उघडलं, चाललं. गटात ती पुन्हा आली नाही, आणि मीही तिला परत ये म्हणून गळ घातली नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि हंगामाचा पूर ओसरला. आठवड्यात चौथ्यांदा येणारे प्रश्न आता तिकडे जातात. ते यंत्र कपाळाला हात लावत नाही. यात पहिल्या फळीची मात्र पंचाईत झाली. ज्या सोप्या प्रश्नांवर ती मुलं उत्तर द्यायला शिकत होती तेच नाहीसे झाले. आता येतात ते ‘चॅटजीपीटीने सांगितलेलं सगळं केलं, आता काहीच चालत नाही’ असे, आणि त्यातला गुंता सोडवायला बहुधा दुसरी फळीच लागते. दादा खूश आहेत. वेगळं काहीतरी मिळतं म्हणतात.

आज पुन्हा तीच रात्र आली तर

गट बंद करणार नाही. कुलूप लावून तो मेसेज लिहिताना मला वाटलं मी आग विझवतेय, पण त्या क्षणी दादांचं ‘मी चुकलो’ आणि मुलांचं म्हणणं, दोन्ही आतच अडकलं. फार तर मेसेजमधलं अंतर वाढवणारी सोय चालू करेन, म्हणजे प्रत्येकाला दोन वाक्यांमध्ये थोडं थांबावं लागेल.

माफी मागेन, पण माझ्या वतीने, आणि दुसरं वाक्य लिहिणार नाही. ‘चालणार नाही’ हे शब्द लिहिण्याआधी दहा मिनिटांचा एक फोन पुरला असता.

त्या मुलीच्या मागे त्याच रात्री जाईन. सगळे भांडत होते तेव्हा तिचा प्रश्न तसाच पडून होता, आणि सकाळी तिचं सबमिशन होतं. पावणेबारा वाजता गटाच्या प्रतिष्ठेवर मेसेज लिहिणाऱ्या मला तिला थेट विचारता आलं असतं की आधी कधी चाललं होतं का. हे त्या गदारोळात कुणालाच सुचलं नाही, मला तर नाहीच.

पिन केलेल्या मेसेजमध्ये एक आठवी ओळ असावी की नाही, यावर दादा आणि मी अजून भांडतो. त्यांना ‘अर्जंट असं लिहू नये’ ही ओळ हवी आहे. सगळेच अर्जंट लिहितात, मग त्याला अर्थ काय राहिला, असं त्यांचं म्हणणं. माझं म्हणणं, लॅब सकाळी नऊला उघडते आणि सबमिशन दहाला आहे, त्याला दुसरं काय म्हणायचं? गेल्या रविवारीही हा विषय निघाला होता. तेवढ्यात एका मुलाचा तिरका फोटो आला, शेवटच्या ओळीला लाल गोल केलेला, आणि खाली ‘सर अर्जंट’. दादा म्हणाले, ‘थांब, हे बघू दे आधी.’